डोक्यावरची चांदी कोणाच्या नावावर?

७ नोव्हेंबर १६२८ च्या संध्याकाळी एका भित्र्या पाद्र्याला वाटेत दोन गुंड अडवतात आणि दुसऱ्या दिवशी ठरलेलं एक लग्न लावायचं नाही, असं दरडावतात. आलेस्सांद्रो मान्झोनी यांची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ (वाग्दत्त वधूवर) ही कादंबरी इथून सुरू होते. इटलीत ती शाळेत अभ्यासाला असते, त्यामुळे लेक्को गावाजवळची लुचिया आणि तिचा रेन्झो तिथे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. दुसऱ्या प्रकरणात लुचिया नवरीच्या वेशात प्रथम समोर येते. काळे केस, मधोमध पांढरा बारीक भांग, डोक्यामागे वेण्यांची वेटोळी, आणि त्या वेटोळ्यांतून आरपार गेलेले चांदीचे लांब काटे, संताच्या डोक्यामागच्या प्रभावळीसारखे चहूकडे फाकलेले. मिलानकडच्या शेतकरी बायका अजूनही असेच काटे घालतात, अशी पुस्ती मान्झोनी जोडतात.

ही कादंबरी पहिल्यांदा आली १८२७ मध्ये. भाषा पुन्हा घडवून मान्झोनींनी ती १८४० ते १८४२ या काळात परत छापली, तेव्हा तिच्यात फ्रान्चेस्को गोनिन यांची चित्रं होती. चांदीची प्रभावळ मिरवणारी लुचिया मग घराघरात पोचली. मिलानच्या उत्तरेला, कोमो आणि लेक्कोच्या सरोवरांच्या खाली पसरलेल्या ब्रियांझा या टेकड्यांच्या मुलखातल्या बायकांचा हा दागिना तेव्हापासून ‘लुचियाचा’ झाला. त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं ते साधारण एकाच चालीचं असतं: लग्न ठरलं की नवरामुलगा काटे द्यायचा, पुढे त्यात भर पडत जायची, ती प्रेमाची खूण होती.

माझं भांडण या ‘प्रेमाच्या खुणे’शी आहे. त्या काट्यांत प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. पण ते काटे त्याआधी आणि त्याहून जास्त एक मालमत्ता होते, बाईच्या हातातली, बाईच्या डोक्यावरची. ही बाजू झाकली गेली म्हणून त्या चांदीचं गेल्या दीडशे वर्षांत जे व्हायला नको होतं ते होत आलं, आणि आजही होतं आहे.

आधी वस्तू नीट पाहू. या प्रभावळीला तिथल्या बोलीत ‘स्पेरादा’ म्हणतात, प्रमाण इटालियनमध्ये ‘राज्जेरा’, म्हणजे किरणांचा समूह. सगळी रचना एका आडव्या जाड काट्यावर उभी असते. त्याचं नाव ‘स्पोन्तोने’. मानेच्या वर, वेण्यांच्या गुंडाळीतून तो डावीकडून उजवीकडे जातो आणि त्याच्या दोन्ही टोकांना अंड्याच्या आकाराचे पोकळ गोळे असतात. त्याच्यावरच्या बाजूला कमानीसारखे खोचलेले असतात ते ‘स्पादिनी’, शब्दशः छोट्या तलवारी. त्यांची डोकी चपटी, चमच्यासारखी, कधी नुसती गुळगुळीत तर कधी नक्षीची. संच लहान असला तर कमान डोक्यामागेच राहते. भरगच्च असला तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी समोरून दिसते. घरची ऐपत बेताची असेल तर हेच काटे पितळेचे किंवा हलक्या मिश्रधातूचे असत. शेजारणींना दुरून फरक कळत असणार. चांदी कशी काळवंडते आणि पितळ कसं, हे बायकांना सांगावं लागत नाही.

अनेक गावांत आडवा स्पोन्तोने ही लग्न ठरल्याची खूण होती. नुसते उभे काटे घालणारी मुलगी अजून मोकळी, आडवा काटा आला की ठरलेली. काही काटे सासरकडून येत, काही माहेरून, काही आईच्या संचातून मुलीकडे उतरत. लग्नाच्या आधी वधूच्या सामानाची यादी व्हायची. लोंबार्दीत, म्हणजे मिलानभोवतीच्या या सगळ्या प्रांतात, या सामानाला ‘स्किर्पा’ म्हणत. आपण रुखवत म्हणू, जरी दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. चादरी, अंतर्वस्त्रं, पेटी, दागिने, प्रत्येकाची किंमत करून ती कागदावर मांडली जाई. प्रेमाच्या खुणेची कुणी किंमत करून यादी करत नाही. उद्या नवरा वारला, वाद झाला, तर कुणाचं काय हे ठरावं म्हणून ही यादी असते.

आता ही चांदी आली कुठून? ब्रियांझा आणि लेक्कोचा परिसर रेशमाचा. डोंगरउतारावर तुतीची झाडं, घराच्या माडीवर रेशमाचे किडे, आणि ओढ्याकाठी ‘फिलांदा’, म्हणजे कोशातून धागा काढण्याचे कारखाने. लुचिया स्वतः अशाच फिलांदात जाणारी मुलगी आहे. तिथून घरी येतानाच दॉन रोद्रिगो या तिथल्या दांडग्या उमरावाची नजर तिच्यावर पडते आणि पुढचं सगळं रामायण घडतं. कढत पाण्याच्या घंगाळात कोश सोडायचे, बोटांनी धाग्याचं टोक शोधायचं, अनेक कोशांचे धागे एकत्र करून ओढायचे. हे काम बायकांचं आणि मुलींचं. किती लहान मुलींचं, ते कायद्यावरून कळतं: इटलीत कारखान्यात कामाला ठेवण्याचं किमान वय ठरवणारा कायदा १८८६ मध्ये आला, आणि त्यानं ते वय ठरवलं ९ वर्षं. ते १२ व्हायला १९०२ उजाडलं.

मजुरी मात्र मुलीच्या हाती राहत नसे. शेतकरी कुटुंबं मोठी, एकत्र राहणारी. घरचा कर्ता ‘रेझू’, घरातला बायकांचा कारभार पाहणारी ‘रेझूरा’, आणि पैसा त्यांच्याकडे जमा. जमीन तर बहुतेकांची स्वतःची नव्हतीच, ती मालकाची. अशा घरात एका तरुण बाईचं स्वतःचं असं काय असेल? जे अंगावर घालता येतं ते. कर्त्याच्या पेटीतून पैसे काढता येतात, पण सुनेच्या अंबाड्यातून काटे उपसून बाजारात नेणं ही साऱ्या गावात तोंड दाखवायला जागा न उरण्याची गोष्ट आहे. रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींच्या डोक्यामागे बसतात. कालपर्यंत असलेला काटा आज नाही, हे पहिल्या प्रार्थनेलाच कळतं. माझ्या मते या दागिन्याचा एवढा मोठा, एवढा दिसणारा आकार याच कारणानं टिकला. तो लपवता येत नव्हता, म्हणून गुपचूप हिरावताही येत नव्हता.

इटालियन भाषेनं याची एक साक्ष ठेवली आहे. ‘स्पिल्लो’ म्हणजे टाचणी किंवा केसातला काटा; मान्झोनींनी लुचियाच्या काट्यांसाठी हाच शब्द वापरला आहे. त्याच्यावरून ‘स्पिल्लातिको’ हा कायद्यातला शब्द आला. मोठ्या घरांच्या विवाहकरारात बायकोला तिच्या खाजगी खर्चासाठी दर वर्षी ठरावीक रक्कम लावून दिली जाई, ती स्पिल्लातिको. आपल्याकडे राजघराण्यातल्या बायकांना ‘चोळी-बांगडी’साठी गावं लावून देत, अगदी तशीच ही शब्दाची घडण. चोळी-बांगडी म्हटलं म्हणून कुणी त्या गावाचा वसूल चोळ्यांवरच खर्च करत नसे, आणि स्पिल्लातिकोचे पैसेही टाचण्यांवर संपत नसत. बाईच्या हक्काच्या पैशाला बाईच्या अंगावरच्या वस्तूचं नाव मिळालं, इतकंच. सरदारांच्या बायकांकडे करार होता. शेतकऱ्याच्या बायकोकडे खरोखरचा काटाच होता.

कायद्याचा इतिहास मला याहून बोलका वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. लोंबार्दी १८५९ पर्यंत ऑस्ट्रियाच्या राज्यात होती आणि तिथे १८१६ पासून ऑस्ट्रियाची नागरी संहिता लागू होती. त्या संहितेत लग्न झालेल्या बाईला आपल्या मालमत्तेचे व्यवहार करायला नवऱ्याच्या परवानगीची अट नव्हती. मग इटली एक झाली, आणि १८६५ ची नवी नागरी संहिता आली. स्वातंत्र्याच्या, राष्ट्राच्या एकीकरणाच्या त्या उत्साहात लोंबार्दीच्या बायकांनी एक हक्क गमावला. नव्या संहितेनं ‘आउतोरिझ्झाझ्योने मारिताले’, नवऱ्याची परवानगी, सर्व देशभर लावली. दान करायचं तर परवानगी. घर-जमीन विकायची तर परवानगी. तारण ठेवायची, कर्ज काढायचं, भांडवल वसूल करायचं, कुणाला जामीन राहायचं, यातल्या कशावरून कोर्टात उभं राहायचं, सगळ्याला परवानगी. हुंडा तर पूर्णपणे नवऱ्याच्या कारभारात. ही परवानगीची अट सुटली १९१९ मध्ये, आणि हुंडा ही संस्था कायद्यातून गेली १९७५ मध्ये.

परवानगी लागणाऱ्या व्यवहारांची ती यादी पुन्हा पाहा. तिच्यात अंगावरचे दागिने विकणं नाही. विधिज्ञांना ते क्षुल्लक वाटलं असेल. पण ब्रियांझातल्या बाईकडे ना घर होतं, ना जमीन, ना वसूल करायला भांडवल. तिच्याकडे होते ते काटे, आणि नेमके तेच त्या यादीतून सुटले होते. देशाचा कायदा तिला अज्ञान मुलासारखं वागवत होता तेव्हा तिच्या डोक्यावर तिचं स्वतःचं काहीतरी होतं.

शिवाय ते मोडता येत होतं, एकेक करून. ही सोय मोठी. गाय विकायची तर अख्खी विकावी लागते. वीस काट्यांतले तीन काढले तर सतरा राहतात आणि प्रभावळ उभी राहते. गहाण टाकायची सोयही जुनी होती. गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रचारातून इटलीत ‘मोंते दी पिएता’ नावाच्या गहाणपेढ्या निघाल्या; पेरुज्यात १४६२ मध्ये, मिलानमध्ये १४९६ मध्ये. वस्तू ठेवायची, कमी व्याजानं पैसे उचलायचे, जमतील तेव्हा सोडवायची. मिलानची बचत बँक १८२३ ची, पण बँकेचं पुस्तक आणि त्यातली सही हा शहरातल्या साक्षरांचा मार्ग. अक्षर न येणाऱ्या बाईला काटे मोजता येत होते.

आणि गंमत अशी नाही की मी एका प्रेमकथेत हिशेब घुसडतो आहे. मान्झोनींची कादंबरीच हिशेबानं भरलेली आहे. ‘इन्नोमिनातो’ या पश्चात्ताप झालेल्या बलदंड माणसाकडून लुचियाच्या हुंड्यासाठी १०० सोन्याचे स्कूदी येतात. ते घेते लुचियाची आई आन्येझे, आणि त्यातले ५० ती परागंदा झालेल्या रेन्झोला पाठवते. शेवटी दॉन रोद्रिगोच्या जागी आलेला नवा उमराव, मार्केझे, लुचिया-रेन्झोचं किडूकमिडूक दुप्पट किमतीला विकत घेतो तेव्हा कुठे त्यांना दुसरीकडे संसार मांडता येतो. मान्झोनींना पक्कं ठाऊक होतं की गरिबांच्या लग्नात प्रेमाला पैशाचं पाठबळ लागतं. त्यांच्या वाचकांनी त्यातलं चांदीचं चित्र तेवढं उचललं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ही प्रभावळ म्हणजे बाईवर मारलेला मालकीचा शिक्काच नव्हे का? ठरलेली, न ठरलेली, हे गावाला डोक्यावर वाचता यावं यात बाईचं कसलं स्वातंत्र्य? शिवाय सासरनं दिलेले काटे सासर परत मागू शकतं. हे सगळं खरं आहे. स्पोन्तोने पुरुषाच्या डोक्यात कधीच नव्हता. रेन्झो ठरलेला आहे की नाही हे त्याच्या टोपीवरून कळत नव्हतं. मंगळसूत्राबद्दल मराठी घरांत जे वाद झाले ते ऐकलेल्या कुणालाही ही गुंतागुंत समजावून सांगावी लागणार नाही. एकच वस्तू बाईला बांधते आणि अडीनडीला तिला सोडवतेही. पण ‘प्रेमाची खूण’ या वर्णनात ना बांधणं येतं, ना सोडवणं. म्हणून माझा आग्रह इतकाच आहे की दोन्ही सांगा. शिक्का म्हणा, ठेव म्हणा, आणि मग हवं तर प्रेम म्हणा.

ठेव म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: त्या ठेवीचं झालं काय? इथे मला राग येतो. एका काट्यातली चांदी किती कसाची, हे बाई स्वतः ठरवू शकत नाही. त्यासाठी शिक्का लागतो. एकीकरणाआधीच्या राज्यांत सोन्याचांदीची तपासणी सक्तीची होती. नव्या इटलीनं १८७२ च्या कायद्यानं ती ऐच्छिक केली, व्यापाराला मोकळीक म्हणून. सक्ती परत आली १९३४ मध्ये. मधल्या ६२ वर्षांत गावच्या जत्रेत काटे घेणाऱ्या मुलीला हजारात ८०० भाग चांदी मिळते आहे की निम्मं तांबं, हे सोनाराच्या इमानावर सोडलेलं होतं. मोठ्या पेढीवरून चांदीची ताटं घेणाऱ्यांना यानं फार फरक पडला नसेल.

त्याच वर्षांत चांदीच पडली. १८७१ नंतर जर्मनी सोन्याच्या चलनावर गेली, इतर देशांनीही चांदीची नाणी पाडणं आवरतं घेतलं, अमेरिकेतल्या खाणींतून नवी चांदी येतच राहिली. लंडनच्या बाजारात १८७३ मध्ये औंसाला सुमारे ५९ पेन्स असलेला भाव १८९४ मध्ये ३० च्या खाली आला होता. एका पिढीत निम्मा. म्हणजे १८७० च्या सुमारास लग्न झालेल्या ब्रियांझातल्या बाईनं पंचवीस वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी चार काटे मोडायला काढले, तर तिला दोनाचेच पैसे मिळाले. तिनं ना उधळपट्टी केली होती, ना जुगार खेळली होती. बर्लिन आणि लंडनमधल्या माणसांनी चलनाचा निर्णय घेतला आणि त्याची किंमत तिच्या वेण्यांतून वसूल झाली.

ती एकटी नव्हती. हीच चांदी, हाच भाव, आणि इकडे महाराष्ट्रातल्या कुणब्याच्या घरच्या गोठपाटल्या, वाळे, तोडे. रुपया चांदीचा, म्हणून तोही घसरत गेला आणि १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारनं भारतातल्या टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोपर्यंत चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेता येत. आता रुपया वेगळा आणि चांदी वेगळी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या धोरणावर टीका करताना गरिबांच्या चांदीत साठवलेल्या बचतीचं नुकसान हाच मुद्दा मांडला होता. त्यांनी दागिन्याला भांडवल म्हटलं, हौस म्हटलं नाही. लोंबार्दीच्या फिलांदातल्या बाईसाठी असा कुणी उभा राहिला असता तर तिच्या काट्यांबद्दल आज आपण वेगळं बोलत असतो, असं मला मनापासून वाटतं.

पुढची पायरी उघड लुटीची आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली, राष्ट्रसंघानं आर्थिक निर्बंध लादले, आणि १८ डिसेंबर १९३५ रोजी देशभरच्या बायकांकडून लग्नाच्या अंगठ्या मागितल्या गेल्या. रोममध्ये राणी एलेनानं पहिली अंगठी दिली. बदल्यात लोखंडी कडी मिळाली. नावालाच दान, शेजारीपाजारी, पक्षाचे लोक, शाळेतले मास्तर बघत असताना अंगठी न देणं किती जणींना जमलं असेल? त्या मोहिमेत मिळून ३७ टन सोनं आणि ११५ टन चांदी जमली असं सांगतात. अंगठ्या सोन्याच्या असतात. चांदी मग कशाची होती? ताटं, पदकं, चमचे, आणि पेट्यांत उरलेले गावाकडचे दागिने. टनात मोजलेल्या चांदीला मालकीण उरत नाही. तीच राजवट जवळपास सहा वर्षं आधी, जानेवारी १९३० मध्ये, युवराज उंबेर्तोच्या लग्नात सगळ्या प्रांतांच्या पारंपरिक वेशांची रोममध्ये मिरवणूक काढत होती. वेश मिरवायचे आणि चांदी वितळवायची, दोन्ही त्याच हातांनी.

संग्रहालयांनी वाचवलं ते खूप आहे, ते नाकारून चालणार नाही. रोमच्या कास्तेल्लानी या प्रसिद्ध सोनार घराण्यानं इटलीभरचे शेतकरी बायकांचे दागिने जमवले, ते १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टनं, ते विकत घेतले. लाम्बेर्तो लोरिया यांनी १९११ मध्ये, एकीकरणाच्या पन्नाशीनिमित्त, रोममध्ये लोकजीवनाचं मोठं प्रदर्शन भरवलं. तो संग्रह आज रोमच्या एउर भागात आहे. ब्रियांझातच गाल्बियातेजवळ काम्पोरेझोला तिथल्या लोकजीवनाचं संग्रहालय आहे आणि गार्लातेला जुन्या कारखान्यात रेशमाचं. पण अशा संग्रहांची पद्धत अशी असते की पाटीवर वस्तूचं नाव, गाव आणि शतक येतं. सोनाराचा शिक्का असेल तर त्याची नोंद होते. जिच्या डोक्यावर तो संच तीस वर्षं होता, जिनं अर्धा मोडला आणि अर्धा मुलीला दिला, ती पाटीवर येत नाही. तिचं नाव हरवलं असेल, ते समजू शकतं. ती मालकीण होती, एवढं लिहायला नाव लागत नाही.

ब्रियांझात आजही लोकनृत्याचे संच आहेत. वेळूच्या नळ्यांचं ‘फिर्लिन्फे’ हे वाद्य वाजवतात आणि बायका प्रभावळ घालून नाचतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. हे लोक नसते तर केसांत वीस-तीस काटे कसे बसवायचे, आधी कुठला खोचायचा, वेणी किती घट्ट घालायची, ही हातातली विद्या केव्हाच गेली असती. त्यांच्याकडे मागणं एकच आहे. निवेदनात ‘ही प्रेमाची भेट’ म्हणता तिथे पुढे दोन वाक्यं घाला, फिलांदाबद्दल आणि १८६५ च्या कायद्याबद्दल. लोंबार्दीचा अभिमान जागवायला प्रभावळीचं चित्र वापरणाऱ्यांनी तर जरूर घालावीत.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. २००८ च्या आर्थिक संकटानंतर इटलीच्या गावोगावी ‘कोम्प्रो ओरो’ म्हणजे ‘सोनं विकत घेतो’ अशा पाट्यांची दुकानं निघाली. आजी जाते, घर रिकामं करतात, पेटीत कापडात गुंडाळलेले काळवंडलेले काटे निघतात. नातवंडांना ते कशाचे, हे माहीत असेलच असं नाही. वजन होतं, घट धरली जाते, पैसे मिळतात. परदेशी नेऊ पाहणाऱ्यालाही फारसा अडसर नाही: २०१७ पासून ७० वर्षांहून जुन्या, पण १३,५०० युरोपेक्षा कमी किमतीच्या वस्तूला साधारणपणे मालकाचं घोषणापत्र पुरतं, निर्यात परवाना लागत नाही. शेतकरी बाईचा संच या रकमेच्या जवळपासही जात नाही. वारसा किती महत्त्वाचा, हे बाजारभावानं ठरवलं की गरीब बायकांचं सगळं आपोआप बाहेर पडतं. ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी वाईट हेतू धरला होता असं नाही. चित्रं आणि पुतळ्यांचा व्यापार त्यांच्या डोळ्यांपुढे होता.

पण त्याच २०१७ सालच्या दुसऱ्या एका कायद्यात एक वाट आहे. काळा पैसा आणि चोरीचा माल रोखण्यासाठी त्या दुकानांना प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी लागते, वस्तूचे फोटो काढावे लागतात, आणि घेतलेली वस्तू दहा दिवस तशीच ठेवावी लागते; त्याआधी विकायची नाही, आटवायची नाही. हे दहा दिवस पोलिसांसाठी आहेत. मी म्हणतो ते थोडे संग्रहालयासाठीही असू द्या. कोमो, लेक्को, मोन्झा या तीन जिल्ह्यांपुरतं तरी करून पाहावं: दुकानदारानं स्पोन्तोने किंवा स्पादिनी ओळखले, तर विकणाऱ्याची ओळख वगळून नुसता फोटो आणि वजन गाल्बियातेसारख्या संग्रहालयाकडे पाठवायचं. फोटो काढलेलाच असतो. संग्रहालयाला वाटलं तर चांदीच्या भावानं तो संच घ्यावा. घेणं परवडलं नाही तर निदान काटे किती, लांबी किती, कुठला बदललेला, कुठला डाग देऊन सांधलेला, याची नोंद करावी. डाग दिलेला काटा फार मोलाचा. कुणीतरी तो मोडीत न घालता दुरुस्त करून घेतला होता, म्हणजे त्या वर्षी घरात थोडी उसंत होती.

आणि विकणाऱ्या नातीला त्या दुकानात एक छापील कागद मिळावा, चार ओळींचा. हे काटे लग्नात मिळत. काही नवऱ्याकडून, काही आईकडून. नवऱ्याच्या सहीशिवाय घर, जमीन किंवा कर्जाचा व्यवहार करता येत नव्हता तेव्हा तुमच्या पणजीला हे विकता येत होते. तिनं विकले नाहीत, किंवा सगळे विकले नाहीत, म्हणून हे तुमच्या हातात आहेत. तो वाचून नात काटे परत पिशवीत घालेल, नाहीतर पैसे घेऊन जाईल. तिला पैशाची गरज असेल, तर काटे त्यासाठीच होते.